वकिलानं बाहेर थांबायचं

जुलै २०२३ मधला एक बुधवार. तालुक्याच्या गावी ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र आहे. एका बाजूला कॅरम, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पिंपाशेजारी आमचं टेबल. टेबलावर एक लांबट वही, शाईचं पॅड आणि ‘मोफत कायदा सल्ला, बुधवार ११ ते २’ असा पुठ्ठ्याचा बोर्ड. आजी आल्या त्या नऊ किलोमीटरवरच्या गावाहून, एसटीनं, ‘अमृत ज्येष्ठ’च्या शून्य रुपयाच्या तिकिटावर. वय ७६. हातात साडीच्या दुकानाची जाड पिशवी. ती त्यांनी काही न बोलता टेबलावर उलटी केली.

लाईट बिलं, घरपट्टीच्या पावत्या, पेन्शनचं पासबुक, मालकांचा एसटीतला ड्रायव्हरचा बिल्ला, रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, नातीच्या बारशाची पत्रिका. सगळ्यात तळाशी चार घड्या घातलेली इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदणीचा उतारा.

“काय झालं आजी?”

“माझी चूल बंद केलीया.”

वहीत नोंद करायला बसलेल्या मुलानं ‘तक्रारीचे स्वरूप’ या रकान्यात लिहिलं: मुलगा सांभाळत नाही. मी टेबलावरची वकील. मीही ते वाचलं आणि पुढं गेले. या फाईलमध्ये पुढं जे जे चुकलं, त्याची सुरुवात त्या रकान्यात आहे.

गाव, नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी इथं दिलेले नाहीत. हे प्रकरण लिहायचं कारण असं, की ज्येष्ठांसाठी कायद्याचं काम करायचंय, त्यातून पोट भरेल का, असं विचारणारी मुलं-मुली दर वर्षी टेबलाशी येतात. त्यांना मी ही फाईल वाचायला देते. पण नुसती फाईल वाचून त्यातलं निम्मं कळत नाही.

दोनशे रुपयांचा दस्त

घर आजींच्या स्वतःच्या नावावर होतं. मालक एसटीत असताना त्यांनी गावठाणातली जागा बायकोच्या नावे घेतली, दोन खोल्या बांधल्या, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला तिचंच नाव लावलं. २०१८ मध्ये आजींनी ते घर मुलाला बक्षीसपत्रानं दिलं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडं किंवा विधवा सून यांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं. ही सवलत २०१५ ची. नोंदणी फी आणि अधिभार वेगळा, पण खरेदीखताच्या मानानं ते काहीच नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अर्ध्या दिवसाचं काम. सवलतीचा हेतू चांगलाच आहे. फक्त इतकं स्वस्त आणि इतकं झटपट असलं की देणारा माणूस घरी जाऊन एक रात्र विचार करत नाही.

मुलाला वरचा मजला चढवायला पतसंस्थेचं कर्ज हवं होतं आणि पतसंस्थेला घर त्याच्या नावावर हवं होतं. दस्त लेखकानं कॉम्प्युटरमधला नेहमीचा मसुदा काढला. त्यात एक वाक्य होतं, जे मी त्यानंतर शेकडो दस्तांत पाहिलं आहे: ‘सदर मिळकत प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता व कोणत्याही अटी-शर्तीशिवाय बक्षीस देत आहे.’ आजींनी अंगठा उठवला. मजला चढला, वर भाडेकरू आला. पुढं कर्जाचे हप्ते थकले, घरात कुरबुरी सुरू झाल्या आणि आजींची चूल पुढच्या खोलीतून उचलून मागच्या पत्र्याच्या पडवीत गेली. पडवीत नंतर भाडेकरूची मोटरसायकल लागायला लागली. ताट बाहेर यायचं, कधी यायचंच नाही.

आता कायदा. ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम’ २००७ चा. साठ वर्षांवरचा कोणीही नागरिक ज्येष्ठ. स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागत नसेल तर मुलांकडून चरितार्थ मागता येतो, कायद्यातली कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. दावा दिवाणी कोर्टात नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे आपल्या प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणापुढं. कलम २३ वेगळं आहे. ज्येष्ठानं आपली मालमत्ता ‘मला सांभाळशील’ या अटीवर दिली असेल आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ते देणं फसवणुकीनं किंवा दबावानं झालं असं धरलं जातं आणि ज्येष्ठाच्या इच्छेनं न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं.

सगळी मेख ‘या अटीवर’ या दोन शब्दांत आहे. सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की नुसतं बक्षीसपत्र पुरेसं नाही, अशी अट होती हे न्यायाधिकरणापुढं सिद्ध व्हायला हवं. आजींचा दस्त तर उघड म्हणत होता, अट नाही. आणि आजी आल्या तेव्हा तो निकाल लागून सात महिनेच झाले होते.

टेबलाशी कोण बसतं

माझी वकिलीची सनद २०२२ ची. त्याआधी एलएलबीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी तालुका विधी सेवा समितीची पॅरालीगल व्हॉलंटियर होते, म्हणजे पीएलव्ही. विधी सेवा प्राधिकरणाच्या या योजनेत कायद्याचे विद्यार्थी, निवृत्त माणसं, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका, कोणीही येऊ शकतं. काम अर्ज भरून देणं, योग्य दारापर्यंत पोचवणं, गावात शिबिरं लावणं. सनद मिळाली की विद्यार्थी त्यातून बाहेर. आणि समितीच्या पॅनेलवर वकील म्हणून यायचं तर साधारण तीन वर्षांची वकिली लागते.

म्हणजे सनद मिळाल्यापासून तीन वर्षं एक खड्डा आहे. आधी जे काम करत होतो ते आता करता येत नाही, पुढचं अजून मिळत नाही. मी सीनियरांकडं जात होते, महिन्याला चार हजार मिळायचे आणि त्यातले दीड हजार पेट्रोलला. त्या खड्ड्यात असताना एका छोट्या स्थानिक ट्रस्टनं बुधवारचं टेबल सांभाळाल का असं विचारलं. मानधन नाही, जाण्या-येण्याचं भाडं आणि चहा. मी हो म्हटलं त्यात समाजसेवा कमी आणि टेबल मिळतंय याचा आनंद जास्त होता. ज्युनियरला स्वतःचं टेबल कुठं मिळतं?

टेबलाचा खरा मालक मात्र दुसराच होता. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. स्वतः ज्येष्ठ, पण कॅरमकडं बघत नाहीत. कोणता अर्ज कोणाच्या टेबलावर किती दिवस राहतो, आवक-जावक रजिस्टरला नंबर पडल्याशिवाय कागद अस्तित्वात येत नाही, साहेब दौऱ्यावर असले की कोणत्या वारी परत येतात, हे त्यांना पाठ. लॉ कॉलेजात मला घटनेचा अनुच्छेद ३९-अ शिकवला, मोफत विधी साहाय्य वगैरे. पोचपावतीवर शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय कार्यालयातून हलायचं नाही, हे भाऊसाहेबांनी शिकवलं.

एक गोष्ट नवीन मुलांना हमखास माहीत नसते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो त्याची यादी आहे, तिच्यात ‘ज्येष्ठ नागरिक’ असा रकानाच नाही. आजी बाई आहेत म्हणून उत्पन्नाचा दाखला न देता पात्र होत्या. त्यांच्या जागी एखादे आजोबा असते, तर दुसऱ्या कुठल्या रकान्यात बसावं लागलं असतं, किंवा वार्षिक तीन लाखांच्या आतला दाखला आणावा लागला असता.

पण मोफत वकील मिळून तरी काय? चरितार्थ कायद्याचं कलम १७ म्हणतं, या न्यायाधिकरणापुढं कोणत्याही पक्षाला वकिलामार्फत उभं राहता येणार नाही. केरळ आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी २०२१ मध्ये अधिवक्ता अधिनियमाच्या आधारे वकिलांचा हक्क मान्य केला आहे. आमच्याकडच्या प्रांत कार्यालयात मात्र तेव्हा कलम १७ अक्षरशः पाळलं जात होतं. म्हणजे ज्या कामातून मी वकील म्हणून घडायची स्वप्नं बघत होते, तिथं वकिलाला आत पाऊल टाकता येत नव्हतं.

माझा अर्ज

अर्ज मी लिहिला. अकरा पानं. पहिली मागणी: बक्षीसपत्र रद्द करावं. दुसरी: मुलगा-सुनेला घराबाहेर काढावं. तिसरी: महिना दहा हजार. शेवटी कलम २४ चा इशारा, ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. निवाडे पाच जोडले. त्यात एस. वनिता प्रकरणही होतं, ज्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं होतं की ज्येष्ठाचा अर्ज पुढं करून सुनेचा घरात राहण्याचा हक्क डावलता येत नाही. म्हणजे माझ्याच दुसऱ्या मागणीच्या विरुद्ध जाणारा निवाडा मीच जोडला होता. त्या वयात जाडजूड फाईल दिसली की बरं वाटतं.

भाऊसाहेबांनी ती अकरा पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “ताई, हे आजींना वाचून दाखवलं का?”

नव्हतं दाखवलं. पुढच्या बुधवारी वाचून दाखवलं. घराबाहेर काढावं या वाक्यापाशी आजी थांबल्या. “कुणाला? नातीला बी?” मग कैदेचं वाक्य आलं. “न्हाई बाई, त्याला आत नगा घालू. उद्या माझ्या मढ्याला खांदा कोण देणार?”

मी दुसरी मागणी काढली, कलम २४ काढलं. पण पहिली ठेवली. घर परत आलं की बाकी सगळं आपोआप येईल, असा माझा हिशोब होता. आजी ‘तुमाला कळतं ते करा’ म्हणाल्या आणि मी तो होकार समजले. अर्ज ऑगस्टमध्ये दाखल झाला.

नोटीस

कायदा म्हणतो ९० दिवसांत निकाल, फार तर एकदाच ३० दिवस वाढवून. लोक हे वाचून अर्जाच्या तारखेपासून बोटं मोजतात. पण ते दिवस अर्जापासून नव्हे, नोटीस बजावल्यापासून सुरू होतात. आणि नोटीस घ्यायला मुलगा घरी सापडेना. दोनदा परत आली. एकदा पत्त्यात घर क्रमांक चुकला होता. माझीच चूक, लाईट बिलावरचा जुना नंबर टाकला होता. टेबलावरच्या आमच्या पोरानं गावात जाऊन नमुना आठचा नवा उतारा काढला, मुलगा साखर कारखान्यात कोणत्या पाळीला असतो ते विचारून आला, तेव्हा कुठं दिवाळी उलटल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यावर नोटीस हातात पडली. त्या पोराला आपण कायद्याचं काम केलंय असं वाटलंच नाही. मला विचाराल तर त्या सहा महिन्यांतलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच होतं.

बाकावर

पहिली तारीख डिसेंबरात. आदल्या बुधवारी आजींची तयारी करून घेतली. साहेब विचारतील तेव्हा तीन गोष्टी सांगायच्या: कुठं झोपता, काय खाता, औषधाला पैसे कोण देतं. आजी प्रत्येक वेळी मालकांच्या पहिल्या नेमणुकीपासून सुरुवात करायच्या. चौथ्या खेपेला तीन वाक्यांवर आल्या.

पुकारा झाला. मी गळ्यातला बँड काढून पर्समध्ये टाकला होता, तरी शिपायानं ओळखलं. “वकीलबाई ना? बाहेर थांबा.” आजींनी भाऊसाहेबांना लेखी अधिकार दिला होता, तेव्हा मदतीला ते आत गेले. मुलाबरोबर आलेले वकीलही बाहेरच राहिले. आमच्या वकील संघातले, पंचवीस वर्षांचे जुने. आम्ही दोघं एकाच बाकावर, समोर भिंतीवर पीक विम्याचं पोस्टर. त्यांनी दोन कटिंग सांगितले.

“या कामाचे किती घेता?” त्यांनी विचारलं.

“काहीच नाही.”

“मग कशाला करता?”

माझ्याकडं बरं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “दस्त वाचायला मिळतात.” ते हसले नाहीत. चहा संपवून म्हणाले, “माझ्याकडं म्हातारी माणसं मृत्युपत्र करायला येतात. मला तेवढा वेळ बसवत नाही त्यांच्याजवळ. पाठवू का?” मी हो म्हटलं, आणि त्याचं काय झालं ते पुढं येईलच.

आत काय घडलं ते मला भाऊसाहेबांकडून कळलं. साहेबांनी अर्ज चाळला आणि सरळ विचारलं, “आजी, घर परत पाहिजे का?”

आजी म्हणाल्या, “घर न्हाई. चूल पायजे.”

साहेबांना कळेना. मग आजींनी सांगितलं. पुढच्या खोलीत खिडकीजवळ त्यांची शेगडी होती. सकाळी स्वतःचा चहा स्वतः करायचा, नात शाळेला जाताना तिला भाकरीचा तुकडा द्यायचा, रस्त्यानं जाणाऱ्या बायका खिडकीपाशी थांबून बोलायच्या. ताट कोणी वाढून द्यावं हे त्यांना नकोच होतं. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवशी पहिल्या वाक्यात सांगून झालं होतं आणि आम्ही त्याचं ‘मुलगा सांभाळत नाही’ करून टाकलं होतं.

त्या दिवसाच्या रोजनाम्यात एवढंच आहे: ‘अर्जदार हजर. म्हणणे ऐकले. प्रकरण सलोख्यासाठी पाठविले.’

तडजोड

कलम ६ खाली प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडं जातं, त्यानं महिन्याभरात अहवाल द्यायचा. आमचे अधिकारी एक निवृत्त मुख्याध्यापक होते. मुलानं तिथं पहिलाच डाव टाकला: बहिणीलाही सामील करा, तीही आईचीच आहे. कायद्यानं त्याचं बरोबर होतं. चरितार्थाची जबाबदारी मुलगा-मुलगी दोघांची, आणि ज्याच्यावर अर्ज आहे तो दुसऱ्या जबाबदार माणसाला ओढू शकतो. लेक पिंपरीला एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला. आजी हे ऐकून उठूनच निघाल्या. लेकीच्या घरातले पैसे खायचे नाहीत, तिच्या सासरी काय तोंड दाखवायचं? लेक म्हणाली, “आई, मी पाचशे देते, गप बस.” तेवढ्यावर दोन तारखा गेल्या.

फेब्रुवारीत मसुदा जमला. पुढची खोली आजींची, तहहयात. खिडकीजवळ ओटा मुलानं बांधून द्यायचा. लाईटचं सबमीटर वेगळं. मुलानं दर महिन्याच्या पाच तारखेआधी तीन हजार बँक खात्यात, लेकीनं पाचशे. दवाखान्याचा खर्च मुलाचा. बदल्यात कलम २३ ची मागणी मागं. भाऊसाहेबांच्या सांगण्यावरून मी तिथं एक ओळ घालून घेतली: ‘हक्क राखून’, म्हणजे तीच मागणी पुढं पुन्हा करता येईल. मुलाच्या वकिलांनी बाहेर बाकावर बसूनच ती ओळ वाचली, माझ्याकडं बघितलं आणि राहू दिली.

मी समाधानी नव्हते. महिना साडेतीन हजार आणि मालकांच्या ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेतले हजारभर, आणि घर मुलाचंच. भाऊसाहेबांचं म्हणणं, कलम २३ लढलो असतो तर हरलो असतो आणि ओटाही गेला असता. त्यांचं खरं असेल. अजूनही ही फाईल उघडली की मी दोन्ही बाजूंनी विचार करते.

तडजोडीवर साहेबांची सही व्हायची होती. नोटिशीपासूनचे नव्वद अधिक तीस दिवस मार्चच्या मध्यावर संपले आणि नेमकी १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. प्रांतसाहेब निवडणुकीच्या कामात, कार्यालयात मतदान यंत्रांची आणि कर्मचारी प्रशिक्षणाची गडबड. आमची फाईल कपाटावर. आदेश निघाला तो जूनच्या शेवटी. या चार महिन्यांत ओटा बांधला गेला नाही, पैसेही आले नाहीत. टेबलावरचा विद्यार्थी दर सोमवारी कार्यालयात जाऊन विचारायचा, ‘बघतो’ हे उत्तर घेऊन यायचा आणि वहीत तारीख टाकायचा.

आदेश हातात आल्यावर काम संपलं असं समजणारे बरेच. पैसे थकले तर वसुलीचं वॉरंट मिळतं, पण ज्या महिन्याची रक्कम थकली तिच्यासाठी तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हातारं माणूस ‘देईल पुढच्या महिन्यात’ म्हणत थांबतं आणि मुदत हातची जाते. म्हणून महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी आमच्याकडं पासबुकं येतात. आजींच्या पासबुकात सप्टेंबरचे पैसे नव्हते. भाऊसाहेबांनी मुलाला फोन केला, रागावले नाहीत, नुसती तारीख वाचून दाखवली. आठवड्यात आले.

पोट कसं भरतं

जुन्या वकीलसाहेबांनी बाकावर दिलेला शब्द पाळला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी पहिलं मृत्युपत्र पाठवलं, निवृत्त शिक्षक जोडपं. मी त्यांच्या घरी तीनदा गेले. पहिल्या दोन खेपांत कायद्याचा शब्द निघाला नाही, कोणता मुलगा फोन करतो आणि कोणता फक्त पैसे पाठवतो हेच चाललं. तिसऱ्या खेपेला अर्ध्या तासात मसुदा झाला. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात. फी माफक घेतली. त्यांनी शेजारच्यांना सांगितलं.

आज माझ्या उत्पन्नाचा मोठा भाग मृत्युपत्रं, वारसनोंदी आणि बक्षीसपत्रं यांचा आहे. बक्षीसपत्र करायला येणाऱ्या आईबापांना मी आधी परतच पाठवते, महिनाभर थांबा म्हणते. तरीही आले तर दस्तात सांभाळण्याची अट आणि तहहयात राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत घालते. मुलं कुरकुरतात. एक-दोन गिऱ्हाइकं त्यावरून गेलीही.

पण हे काम टेबलावरून उचललेलं नाही, आणि नव्या मुलांना मी हे दोनदा सांगते. वकिलाला जाहिरात करायला, गिऱ्हाईक ओढायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. मोफत टेबल हे दुकानाचं शटर होऊ शकतं, फार सहज. म्हणून आमचा नियम: टेबलावर आलेल्या माणसाचं काम आपल्यापैकी कोणी फी घेऊन करायचं नाही. ते विधी सेवा समितीकडं जातं किंवा टेबलावरच फुकट होतं. या नियमावरून दोन चांगले स्वयंसेवक सोडून गेले. गेले ते गेले.

दुसरा पेच पगाराचा. तिसऱ्या वर्षी ट्रस्टनं मला पूर्णवेळ समन्वयक व्हा म्हटलं, महिना बावीस हजार. तेव्हा मला ती रक्कम मोठी होती. पण वकिली चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, सनद स्थगित करून घ्यावी लागते. दोन रात्री घरात चर्चा झाली. आईचं म्हणणं नोकरी घे. मी आठवड्यातले दोन दिवस मानधनावर घेतले, सनद ठेवली. माझ्याबरोबरच्या एकीनं उलटं केलं: सनद स्थगित केली, पूर्णवेळ संस्थेत गेली आणि आता तीन तालुक्यांचं काम बघते. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिला दर महिन्याच्या एक तारखेला पगार येतो. २०२५ मध्ये तीन वर्षं भरल्यावर मी पॅनेलसाठी अर्ज केला, निवड झाली. फौजदारीची आवड असलेल्यांना आता विधी सेवेच्याच बचाव वकील योजनेत अगदी नव्या सनदेवरही सहायक म्हणून जागा असतात, तीही वाट मी सांगते.

पेटी

२ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा ऊर्मिला दीक्षित प्रकरणातला निकाल आला. मध्य प्रदेशातली एक आई, २०१९ चं बक्षीसपत्र. आईचं म्हणणं, त्याच दिवशी मुलानं वचनपत्र लिहून दिलं होतं: आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळीन. मूळ बक्षीसपत्रातही देखभालीचा उल्लेख होता. न्यायालयानं दोन्ही एकत्र वाचली, कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे तेव्हा त्याचा अर्थ तसाच लावायला हवा म्हटलं, बक्षीसपत्र रद्द धरलं आणि ताबा परत देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे हेही सांगितलं.

मी तो निकाल कोर्टाच्या कँटीनमध्ये मोबाईलवर वाचला आणि मला आजींची पिशवी आठवली. त्यात तसं काही नव्हतं, मी स्वतः प्रत्येक कागद पाहिला होता. तरी संक्रांतीच्या आसपास एका रविवारी त्यांच्या गावी गेले.

ओटा झाला होता. कडाप्प्याचा, जरा तिरका. शेगडीवर चहा होता. खिडकीबाहेर एक बाई आजींशी बोलत उभी होती, मला बघून निघाली. मी निकालाचं सांगितलं, साध्या शब्दांत. विचारलं, दस्ताच्या वेळी मुलानं काही लिहून दिलं होतं का? वहीत, चिठ्ठीवर, कशावरही?

आजी उठल्या. कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली. लुगड्यांच्या खालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कागद काढला. शंभराचा स्टॅम्प, २०१८ चा, दस्ताच्या आदल्या दिवशीची तारीख. आजींच्या भावाच्या हातचं अक्षर: आईस तहहयात सांभाळीन, अन्नवस्त्र, औषधपाणी करीन, घराबाहेर काढणार नाही. खाली मुलाची सही, दोन साक्षीदार.

मला बसावंच लागलं. “आजी, हे तेव्हा का नाही दाखवलं?”

“तुमी पिशवीतलंच इचारलं.”

‘हक्क राखून’ असं लिहून घेतलेलं होतं, नवा अर्ज करता आला असता. तेही त्यांना समजावलं, या वेळी घाई न करता, चहा संपेपर्यंत. आजींनी कागद परत घडी करून वर्तमानपत्रात गुंडाळला. “पैसं येत्यात. चूल हाय. बंद झालं तर बघू.”

मी फोटो काढू का विचारलं. काढा म्हणाल्या. छापील प्रत आता फाईलला शेवटचं पान म्हणून लावलेली आहे, मूळ पेटीत आहे. टेबलावरच्या वहीत तेव्हापासून एक रकाना वाढवलाय, ‘घरी आणखी कागद कुठे आहेत’, आणि तो भरल्याशिवाय भाऊसाहेब पान उलटू देत नाहीत.